बोलता येईल इतक्याच वेगाने

घरात एखादे माणूस मोठ्या दुखण्यातून उठते, तेव्हा त्याच्या घरच्यांनाही एक दुखणे जडलेले असते. रोगी बरा होतो, हिंडूफिरू लागतो. परंतु घरच्यांचे दुखणे तसेच राहते. त्या दुखण्याचे नाव भीती. मला ते दोन वर्षे जडले होते, आणि ते उतरले कोठे, तर बडोद्यापासून हजारो मैल दूर, भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर, भर चढणीच्या रस्त्यावर! ती हकीकत सांगण्यासारखी आहे असे वाटल्यावरून येथे लिहीत आहे.

ह्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा ह्यांचे वय एकसष्ट होते. त्याआधी दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून कचेरीपर्यंत अठ्ठावीस वर्षे ह्यांनी सायकलच चालवली होती. स्कूटर आली, मोटार आली, तरी ह्यांची हिरवी सायकल सुटली नाही. शस्त्रक्रियेनंतर मात्र मी ती मागच्या पडवीत नेऊन कुलूप घातले आणि किल्ली धान्याच्या कोठीत तांदळाखाली ठेवली. जिने चढायचे नाहीत, पिशवी उचलायची नाही, एकट्याने बाहेर जायचे नाही, असे नियम मी केले. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सांगितले, ‘‘आता ह्यांना चालू द्या, फिरू द्या, बसवून ठेवणे हेच वाईट.’’ मी मान हलवली आणि घरी येऊन माझेच नियम चालू ठेवले. ह्यांनी कधी वाद घातला नाही. ह्यांचे बोलणे मात्र हळूहळू कमी होत गेले.

आमची मुलगी नोकरीनिमित्त इटलीत तुरीन शहरी असते. २०२४ साली तिने आम्हांला बोलावून घेतले आणि मे महिन्यातला एक आठवडा सार्डिनिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने सायकलवरून हिंडण्याचा बेत पुढे मांडला. मी साफ नाही म्हटले. तिने वाद न घालता ह्यांची पुन्हा तपासणी करविली. धावत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची परीक्षा झाली, आणि डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितले: ‘‘बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा. बोलताना धाप लागली तर उतरा, छातीत दुखले तर तेथेच थांबा.’’ त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. भीती मात्र होती.

जिनोव्हा बंदरातून रात्रीच्या बोटीने निघून सकाळी आम्ही सार्डिनियाच्या पोर्तो तोर्रेस बंदरात उतरलो, आणि तेथून मोटारीने आल्गेरोला पोहोचलो. भूमध्य समुद्रातल्या बेटांत सिसिलीच्या खालोखाल सार्डिनिया हेच मोठे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २४,००० चौरस किलोमीटर असून वस्ती अवघी पंधरा-सोळा लाखांची आहे. त्यामुळे किनाऱ्याचे कित्येक पट्टे अगदी निर्जन आहेत. आमच्यासाठी मुलीने बॅटरीवर चालणाऱ्या दोन सायकली भाड्याने ठरविल्या होत्या. या सायकलींना पायडल मारावेच लागते. बॅटरी नुसता हातभार लावते आणि तो किती लावायचा हे हँडलवरच्या बटणाने ठरते. मी माझे बटण पहिल्याच क्षणी सर्वांत वरच्या खुणेवर नेऊन ठेवले. कॉलेजात असताना मी सायकल चालवीत असे. त्याला चाळीस वर्षे होऊन गेली होती. शिवाय तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात. पहिल्या तासाभरात मी तीनदा डावीकडे गेले, आणि तिन्ही वेळा मागून ‘‘अगं, उजवीकडे!’’ अशी ह्यांची हाक आली. पुष्कळ दिवसांनी ह्यांचा आवाज असा मोकळा ऐकला.

आल्गेरो हे तटबंदीचे जुने गाव आहे. तेथल्या गल्ल्यांतून हिंडताना रस्त्यांची नावे दोन-दोन भाषांत लिहिलेली दिसली. एक इटालियन, हे समजले, दुसरी कोणती? मुलीने सांगितले की ती स्पेनकडची कातालान भाषा. अरागॉनचा राजा चौथा पेद्रो याने १३५४ साली हे गाव जिंकले आणि येथे कातालान लोक आणून वसविले. राज्ये आली आणि गेली, स्पेनचा अंमल जाऊन तीनशे वर्षे झाली, पण त्या लोकांनी आपली भाषा समुद्रापलीकडच्या या गावात जतन करून ठेवली. इटलीच्या १९९९ सालच्या कायद्याने तिला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यताही मिळाली.

मला एकदम आमचे बडोदे आठवले. गायकवाडांबरोबर आलेल्या मराठी घराण्यांचे आम्ही वंशज. बाजारात गुजराती, शाळेत गुजराती, आणि उंबऱ्याच्या आत मराठी. तंजावरच्या मराठी मंडळींची कथा तर आमच्याहून जुनी. ज्या घरात आम्ही उतरलो होतो तेथल्या वृद्ध मालकिणीला मी मुलीमार्फत विचारले, ‘‘तुमची नातवंडे ही भाषा बोलतात का?’’ ती हसून म्हणाली, ‘‘समजते सगळे, उत्तर मात्र इटालियनमध्ये देतात.’’ भाषांतराची वाट न पाहताच मला तिचे उत्तर कळल्यासारखे वाटले. कारण हाच प्रश्न कोणी मला विचारला असता, तर माझ्या पुतण्याच्या मुलांविषयी मी हेच सांगितले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही काचा भूशिराकडे निघालो. वाटेत पाल्मावेरा येथे एक ‘नुरागे’ लागला. चुना-मातीवाचून नुसते दगडावर दगड रचून केलेले हे बुरूज सार्डिनियाची खूणच म्हणायची. बेटावर असे सुमारे सात हजार आहेत. पाल्मावेराचा बुरूज इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या सुमारास उभारला गेला. त्याच्या भोवती गोल झोपड्यांचे पाये आहेत. ह्यांनी एका दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘साडेतीन हजार वर्षे! आणि सिमेंट नाही!’’

भूशिराच्या टोकाशी मात्र आमचे बिनसले. तेथे समुद्राच्या पातळीवर वरुणदेवाच्या नावाची एक प्रसिद्ध गुहा आहे. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. कड्याच्या अंगाने तिच्यापर्यंत उतरणारा जिना १९५४ साली बांधला गेला. त्याला ६५४ पायऱ्या आहेत. ह्यांनी खाली वाकून पाहिले आणि हळूच विचारले, ‘‘उतरू या का?’’ मी म्हटले, ‘‘उतराल हो, पण चढणार कोण?’’ माझा स्वर फारच करडा झाला असावा, कारण आसपासच्या चार अनोळखी माणसांनीही वळून पाहिले. हे कठड्यापाशी बाकावर बसले. थोड्या वेळाने ह्यांनी पिशवीतली बाटली काढली आणि अगदी शांतपणे म्हटले, ‘‘पाणी प्यायलो तर चालेल ना?’’ त्यात राग नव्हता, उपहासही फारसा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनात रात्रभर टोचत राहिला.

तिसरा दिवस आल्गेरो ते बोझा या प्रवासाचा. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. मध्ये एकही गाव नाही. पाणी आणि खाणे बरोबरच घ्यावे लागते. आम्ही ‘पाने काराझाऊ’ नावाची तिकडची पातळ कुरकुरीत भाकरी घेतली. ती पापडासारखी असते आणि फार दिवस टिकते, म्हणून धनगर ती महिनोन् महिने बरोबर बाळगीत. तिच्याबरोबर मेंढीच्या दुधाचे चीज आणि टोमॅटो. रस्ता दक्षिणेकडे जात असल्यामुळे समुद्र उजव्या हाताला, आणि आम्हीही उजव्याच कडेने. तिकडे वायव्येकडून ‘माएस्त्राले’ नावाचा जोराचा वारा वाहतो. तो पाठीशी राहावा म्हणूनच मुलीने ही दिशा निवडली होती. कड्यांवर पिवळी फुले बहरली होती, आणि दूर टोकाटोकांवर जुने टेहळणीचे बुरूज दिसत होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी स्पॅनिश अमदानीत ते बांधले गेले. ते पाहून कोकणकिनाऱ्यावरचे किल्ले कोणाला आठवणार नाहीत?

अर्ध्या वाटेवर रस्ता समुद्र सोडून डोंगरावर चढू लागला. तीनशे मीटरांहून अधिक उंचीची ती चढण. मुलगी पुढे गेली होती. तिची सायकल साधी होती आणि पाय तरुण. निम्म्या चढावर माझी सायकल एकाएकी जड झाली. बटण दाबून पाहिले, दिवा लागेना. सबंध वाटभर मी बॅटरी सर्वांत वरच्या खुणेवर ठेवली होती. ती संपून गेली होती. बॅटरी संपलेली ती सायकल म्हणजे लोखंडाचे ओझेच. मी उतरून ती ढकलू लागले आणि शंभर पावलांतच मला धाप लागली. मुलीला फोन लावावा, तर तेथे फोनही लागेना.

हे मागून आले, उतरले, आणि काही न बोलता आपली सायकल माझ्यापुढे धरली. ह्यांची बॅटरी अजून निम्म्याहून अधिक शिल्लक होती, कारण ह्यांनी सपाटीवर ती वापरलीच नव्हती. मी म्हटले, ‘‘छे, छे! तुम्ही ही जड सायकल चढावर ढकलणार? मी मुळीच ऐकणार नाही!’’ माझा गळा दाटून आला होता. रडू येत होते की राग, हे माझे मलाच कळेना.

तेव्हा हे म्हणाले, ‘‘हे बघ, माझे हृदय कसे चालले आहे, ते मला आतून कळते. दोन वर्षे मी ते रोज ऐकतो आहे. तू मात्र ते बाहेरून ऐकतेस, आणि म्हणून तुला सारखे काहीतरी वाईटच ऐकू येते. डॉक्टरांचे पथ्य तुला ठाऊक आहे. मी बोलत बोलत चढतो. बोलणे थांबले की तू मला थांबव.’’

एवढे बोलून त्यांनी माझी सायकल घेतली आणि चालता चालता मोठ्याने औटकी म्हणायला सुरुवात केली! लहानपणी त्यांच्या आजोबांनी रोज दिवेलागणीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणवून घेतली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. भूमध्य समुद्रावरच्या त्या ओसाड डोंगरावर साडेतीनच्या पटीतले आकडे खणखणीत घुमू लागले. मी त्यांच्या सायकलीवर बसून अगदी हळू त्यांच्या बाजूने चालले होते आणि कान देऊन ऐकत होते. मध्ये दोनदा ते आपण होऊन थांबले, मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजली, दोन घोट पाणी प्यायले आणि पुन्हा निघाले. औटकी संपली, अडीचकी झाली. दिडकीच्या मध्यावर एका आकड्याला चुकले. मी नकळत चूक दुरुस्त केली, आणि मग आम्ही दोघेही हसत सुटलो.

वर पोहोचलो तेव्हा मुलगी आमच्या शोधात उलटी येत होती. तिने काही बोलण्याआधीच ह्यांनी बोट वर केले. आमच्या डोक्यावरून मोठे पंख पसरून गिधाडे संथपणे घिरट्या घालीत होती. सार्डिनियात इतरत्र ही गिधाडे नाहीशी झाली होती; टिकली ती याच किनाऱ्यावर. पुढे लोकांनी त्यांच्यासाठी खास प्रयत्न केले आणि त्यांची संख्या वाढली. आमच्या लहानपणी आपल्याकडे उंच झाडांवर गिधाडांचे थवे बसलेले दिसत. १९९० नंतरच्या वर्षांत ती आपल्या देशातून झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी त्या औषधाची बंदी झाली. दुखणे थांबावे म्हणून दिलेले औषध दुसऱ्याच्या जिवावर उठले, ही गोष्ट ऐकताना मी ह्यांच्याकडे पाहिले आणि माझ्या तांदळाच्या कोठीतली किल्ली मला आठवली.

संध्याकाळी बोझा दिसले. गावाचे नाव ऐकून ह्यांना सकाळपासून हसू येत होते. टेकडीवर जुना किल्ला, त्याच्या उतारावर गुलाबी, पिवळी, निळी घरे, आणि खाली तेमो नदी. बेटावरील एवढीच एक नदी नौकांना जाण्याजोगी आहे. पलीकडच्या काठाला जुन्या चामडे कमावण्याच्या कारखान्यांची रांग आहे. ते आता बंद आहेत. चौथा दिवस आम्ही तेथेच विसावलो. दारात बसून काही वृद्ध बायका चौकटीवर ताणलेल्या जाळीवर सुईने नक्षी भरीत होत्या. बोझाचे हे विणकाम प्रसिद्ध आहे. त्यांतल्या एका आजीबाईंनी मुलीमार्फत सांगितले की तिच्या लहानपणी घरोघर हिवतापाचे रोगी असत. १९४६ ते १९५० या काळात सबंध बेटावर डीडीटी फवारून हिवतापाचा नायनाट करण्यात आला. त्या औषधाचे दोष पुढे जगाला कळले, तरी तेव्हा त्याने लक्षावधी कुटुंबांच्या मानेवरचे जू उतरविले. आपल्याकडेही १९५३ पासून तसाच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, आणि भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जाणारी माणसे माझ्या आईच्या बोलण्यात नेहमी येत. हे ऐकून आजीबाईंनी माझा हात हातात घेतला.

पाचव्या दिवशी पुन्हा चढण. कुल्येरी गावाभोवतीच्या डोंगरांत २०२१ सालच्या जुलै महिन्यात मोठा वणवा पेटला होता. हजारो हेक्टर रान आणि जैतुनाच्या बागा जळाल्या. गावाजवळचा एक शेकडो वर्षांचा प्रचंड जैतुनवृक्षही त्यात होरपळला. लोकांनी त्याची आशा सोडली नाही. बुंध्याभोवती ओलावा राखला, सावली केली, आणि पुढच्या वर्षी मुळाशी हिरवा कोंब दिसला. मी त्या हकिकतीत एक गोष्ट टिपून ठेवली. त्या झाडाला जपणे म्हणजे त्याला झाकून ठेवणे नव्हते. त्याला फुटू देणे होते. कुल्येरीहून समुद्राकडे उतार लागला तेव्हा ह्यांनी ब्रेक अलगद धरून सायकल मोकळी सोडली. मी मागून हाक मारली नाही. जीभ दातांखाली धरावी लागली, हे मात्र कबूल करते.

सहावा दिवस सिनिस द्वीपकल्पाचा. रस्ता सपाट आणि पाणथळ. काब्रासच्या सरोवरात रोहित पक्षी उभे होते. पुढे थारोस हे फिनिशियन लोकांनी वसविलेले प्राचीन नगर समुद्राच्या कडेला अवशेषरूपाने पसरले आहे. इस आरुतास नावाच्या किनाऱ्यावर वाळू नाहीच. तांदळाच्या कण्यांसारखे स्फटिकाचे बारीक खडे आहेत. आठवण म्हणून मूठभर बांधून घ्यावेत असे मला वाटले. पण वाळू नेण्यास तेथे कायद्याने बंदी असून मोठा दंड होतो. मुलीने तर आम्हांला चपलाही झाडायला लावल्या. किनाऱ्यावर बसून आम्ही ‘सेआदास’ खाल्ले. चीज भरून तळलेल्या आणि वरून मध घातलेल्या त्या मोठ्या करंज्याच. ह्यांनी अर्धीच खाल्ली. मी काही सांगण्याआधीच अर्धी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, ‘‘हे पथ्य माझे मीच पाळतो.’’

सातव्या दिवशी ओरिस्तानोला सायकली परत केल्या. सायकलवाल्याच्या माणसाने त्या टेम्पोत चढवल्या तेव्हा ह्यांनी आपल्या सायकलीच्या बैठकीवर एकदा हात फिरवला. आगगाडीत मुलीने मला हळूच विचारले, ‘‘आई, भीती गेली का?’’ मी म्हटले, ‘‘अगदी गेली असे कसे म्हणू? पण आता ती माझी आहे, त्यांच्यावर लादलेली नाही.’’

बडोद्याला परतल्यावर मी पहिल्याच सकाळी तांदळाच्या कोठीत हात घातला. किल्लीला तांदळाचा पांढुरका थर चढला होता. ती पुसून ह्यांच्या चहाच्या बशीत ठेवली. ह्यांनी किल्ली पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि चहा निवेपर्यंत काहीच बोलले नाहीत. हिरव्या सायकलीची दोन्ही चाके बसली होती आणि चेन गंजली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून ती दुरुस्त होऊन यायला दोन दिवस लागले.

आता हे रोज सकाळी सायकलने कमाटी बागेपर्यंत जातात आणि येताना दूध घेऊन येतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी असते. दिसत काही नाही, पण गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजते, आणि मागोमाग साडेतीनचा पाढा ऐकू येतो. तो आवाज मुद्दाम माझ्यासाठी थोडा मोठा काढलेला असतो, हे मला ठाऊक आहे. मी तो शेवटपर्यंत ऐकते आणि मग चहाचे आधण ठेवते.